सोनूबाईच्या फ्रीजरमधलं मटण

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात सोनूबाईनं बावीस वर्षं नोकरी केली. हुद्दा परिचराचा. झाडलोट सगळेच करत, पण लसींच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहायचं काम तिचं एकटीचं होतं. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही. तेवढ्या काळात सात डॉक्टर आले आणि बदली करून घेऊन गेले. तक्ता कुणी वाचतं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. ती लिहीत राहिली.

१९९८ साली ती निवृत्त झाली आणि दवाखान्यामागच्या उंचवट्यावर बांधलेल्या नव्या घरात तिनं फ्रीज घेतला. त्याच्याही दारावर तक्ता लागला. वीज गेली की दार उघडायचं नाही, असा तिचा कायदा होता. २००५च्या उन्हाळ्यात वीज रोज सहा-सात तास जायची, त्यामुळं घरात फ्रीज असून तिचा नवरा गणपती माठातलंच पाणी प्यायचा.

मुलगा प्रसेनजीत पुण्याला नोकरीला. एप्रिलमध्ये "जयंतीला येतो" म्हणाला, म्हणून सोनूबाईनं एक किलो मटण आणून खाटकाच्या पिशवीसकट फ्रीजरमध्ये ठेवलं. तो आला नाही. मग "बुद्ध पौर्णिमेला नक्की," म्हणाला. तेव्हाही आला नाही. शेवटी जूनच्या मध्यात तो नव्या बायकोला, दीप्तीला, घेऊन आला.

सोनूबाईनं पिशवीची गाठ सोडली. मटणावर पांढरट, करडे चट्टे पडले होते. कडा खारकेसारख्या वाळल्या होत्या.

बाळासो ओसरीवर बसला होता. दवाखान्यात तोही परिचरच होता, आता दोन म्हशी सांभाळायचा. बावीस वर्षं दोघांनी एका चुलीवरचा चहा घेतला, पण बाळासोचा कप वेगळा असायचा आणि तो स्वतःच विसळायचा. त्यानं आत डोकावून निकाल दिला.

"आक्का, ह्ये इख झालंय. टाकून द्या. मी जेवणार न्हाय हं."

तो तिच्या घरी आधीही कधी जेवला नव्हता, पण या वेळी त्याच्याकडं कारण होतं.

दीप्ती पुण्यात तयार जेवण बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. तिनं मटण हातात घेतलं, वास घेतला.

"आई, हे नासलेलं नाही. पिशवीत हवा राहिली, मांसातलं पाणी उडालं, म्हणून ते वाळलंय. पांढरा भाग कापून टाकू. बाकीचं खाल्लं तर काही होत नाही, फक्त चव उतरते."

"पारा तर एकदा बी वर गेला न्हाय," सोनूबाई म्हणाली.

"पाऱ्याची चूक नाहीच. पिशवी पातळ होती आणि दोन महिने फार झाले."

सोनूबाईनं जन्मभर थंडी मोजली, पण थंडीनंही वस्तू वाळते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रस्सा झाला. मटण जरा चिवट लागलं. गणपतीनं तीन भाकरी खाल्ल्या. कुणालाच काही झालं नाही. जाताना दीप्तीनं दाखवलं: एका वेळेला लागेल तेवढंच बांधायचं, हवा दाबून काढायची, पिशवीवर दुसरी पिशवी घालायची, वर तारीख लिहायची. तारीख लिहायची म्हटल्यावर सोनूबाईला ते सगळं एकदम पटलं.

जुलैअखेर कृष्णेचं पाणी गावात शिरलं. खालच्या गल्ल्या बुडाल्या. बाळासोचं घरही बुडालं. म्हशी शाळेच्या पटांगणात बांधून तो आणि त्याची बायको धोंडुबाई सोनूबाईकडं राहायला आले, पण स्वयंपाकाला धोंडुबाईनं ओसरीवर आपली वेगळी चूल मांडली. वीज गेली ती चार दिवस आलीच नाही.

चौथ्या दिवशी सोनूबाईनं फ्रीजर उघडला. नव्या पद्धतीनं बांधलेलं मटण लालबुंद होतं, आताच कापल्यासारखं. फक्त सगळं मऊ पडलं होतं आणि पिशवीत पाणी सुटलं होतं.

"पुरून टाकायचं," ती म्हणाली.

"आवं, त्ये पांढरं खाल्लासा आन ह्ये टाकताय व्हय?" बाळासो म्हणाला.

"त्ये गोठल्यालं हुतं. ह्ये किती येळ गरम पडलंय, कुणाला ठावं?"

बाळासोनं मान डोलावली. पुरायचं काम त्यानं आपणहून घेतलं आणि पिशवी उचलून गेला. पटांगणात म्हशींच्या आडोशाला त्यानं ओल्या लाकडांवर ते अर्धंकच्चं शिजवलं आणि एकट्यानं खाल्लं.

दुपार कलायच्या आत त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. डॉक्टर पाण्याच्या पलीकडं अडकले होते. सोनूबाईनं लिटरभर पाणी उकळून निववलं, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं आणि त्याला आपल्याच पेल्यानं घोट-घोट पाजलं. पेला कुणाचा, हे बाळासोनं विचारलं नाही. दोन दिवसांनी तो उठून बसला.

"पुराचं पाणी बाधलं," तो म्हणाला.

"पाणी तर मीच उकळून दिलंय की," सोनूबाई म्हणाली.

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. धोंडुबाईला शाळेमागं जळकी चूल आणि हाडकं सापडली होती. तिनं ते सोनूबाईला हळूच सांगितलं. दोघी बराच वेळ पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

दिवाळीनंतर प्रसेनजीत आणि दीप्ती आली तेव्हा सोनूबाईनं बाळासो आणि धोंडुबाईला जेवायला बोलावलं. दोघं आली. बाळासोनं ताटाकडं पाहत विचारलं, "ताजं हाय न्हवं?"

"न्हाय. महिन्याचं हाय," सोनूबाई म्हणाली.

बाळासोचा हात थांबला. धोंडुबाईनं मात्र भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग तिनं आणखी एक घास घेतला. बाळासोनं तिच्याकडं पाहिलं, दीप्तीकडं पाहिलं आणि जेवायला लागला.