सासऱ्यांच्या अंगणाखालची पोकळी

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. मी तामलवाडीला, साक्षात सासुरवाडीत, जो पराक्रम केला तो ऐकायचाय ना?

माझी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत. खालून कोळसा काढला की पोकळी उरते आणि वरची जमीन खचते. ती खचू नये म्हणून त्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरायची, हे माझं काम. थोडक्यात, पोकळी दिसली की माझे हात शिवशिवतात!

दिवाळीला गेलो होतो. सासूबाई आणि बायको तुळजापूरला दर्शनाला गेलेल्या. अंगणातून चालताना पायाखाली ढबढब वाजलं. बघतो तर जमीन वीतभर दबलेली! आता अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. पण अंगात आलेल्या तज्ज्ञाला सांगणार कोण?

"मामा, जमीन खचतीय! उद्या घर जाईल!"

सासरे गडबडले. "आवं जावईबापू, तिथं खाली पेव हाय!"

खाणीतल्या पंख्यांनी माझे कान निम्मे खाल्लेले. मला ऐकू आलं, 'भेव'.

"भेव कसलं मामा? मी हाय की!"

"तसं न्हाय, लई जुनं पेव हाय..."

"जुनं असू द्या, आजच घालवतो!"

बिचारे बाजूला सरकले. सणाला आलेल्या जावयाला जास्त टोकायचं नाही, ही आपली थोर परंपरा. मी पहारीनं भोक पाडलं, पाइप घातला, मोटर सुरू केली आणि पाटीपाटीनं वाळू सोडली. काय ऐट होती माझी!

तेवढ्यात दोघी परतल्या. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "आवं, पेवात पाणी कुणी सोडलं? वर्षाची ज्वारी हाय त्यात! खायाचं काय आता?"

पेव! जमिनीखालचं धान्याचं कोठार! मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागतं? मला लागलं.

मोटर बंद केली. वरची ज्वारी भिजून फुगली होती. ती सगळ्यांनी उपसून पटकुरांवर वाळत घातली. लाजेनं माझी मान वर होईना. सासरे मात्र "होतं असं" म्हणत राहिले, त्यानं आणखीच मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी ताटात त्याच ज्वारीची भाकरी आली. पहिल्याच घासाला दाताखाली कचकन वाजलं.

"मामी, वाळू लागतीय हो."

"लागू द्या की जावईबापू," सासूबाई दुसरी भाकरी वाढत म्हणाल्या, "पोटात पोकळी ऱ्हायली, तर खचाल न्हवं का!"