अडीच इसा

दादा, मायला घेऊन निघालो तेव्हा गाडीच्या काचेत वाकून तू जे बोललास ते अख्ख्या आळीने ऐकलं. "पुण्यात नेऊन म्हातारीले खुळी करशील." मंडईत लिंबाच्या पाट्या उचलून मी स्वतःचा गाळा केला, त्यालाही तू अजून हमालीच म्हणतोस. विसरलो नाही मी.

पहिल्याच उन्हाळ्यात वाटलं, तुझं खरं होतंय. माय गप्प गप्प राहायची म्हणून कर्वेनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. ती नव्व्याण्णवलाच अडकली आणि माझ्याकडे बघत बसली. "विस्मरणाची सुरुवात असू शकते," डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षावाल्याशी उगाच भांडलो. तुला फोन केला नाही.

आमच्या वरच्या खोलीत पेमा राहते, भूतानहून कॉलेजसाठी आलेली. रविवारी गच्चीवर माय पापड वाळत घालत होती, पेमा हाताशी. माय मोजत होती, एक इसा, दीड इसा, दोन इसा, अडीच इसा. आपल्याकडचे विसाचे गठ्ठे.

पेमा हसायला लागली. "आजी, मेरी दादी भी ऐसे ही गिनती है." त्यांच्या जोंगखा भाषेत विसाला खे म्हणतात. चाळीस म्हणजे खे न्यी, दोन विसा. पन्नास म्हणजे खे छेदा सुम, तिसरा विसा अर्धा. शाळेत दहादहाने शिकवतात, पण तिची आजी खे सोडत नाही.

मी पापड मोजले. पन्नासच होते.

"माय, डॉक्टरसमोर अशी का नाही मोजलीस?"

"चारचौघांत इसा म्हनलं असतं तर तुई इज्जत गेली असती. पुण्याची मोजनी मले येत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. "आता विसाने विचारा." माय पाच इशांवरून खाली उतरू लागली. पावणेपाच, साडेचार, सव्वाचार, चार. एकदाही अडखळली नाही.

"आजी ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "आपलं ब्लडप्रेशर मात्र बघू. बसा."

बसलो. कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला.

हे तुला मुद्दाम लिहितोय. आता गच्चीवर दोघी मिळून मोजतात, एकदा इसा, एकदा खे. पेमाचं गाव आपल्या गोंदियाच्या जरा पलीकडे असेल, असं मायला वाटतं. मी दुरुस्त करत नाही. दिवाळीला मायला पाठव म्हणालास, म्हणून परवा विचारलं.

पापड उलटत ती म्हणाली, "घर सोडून कायले जाऊ?"