दादूसला मी दिलेलं औषध

"हात लावून बघा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरून बोक्याच्या पोटावर ठेवला. मागच्या पायांच्या जरा पुढे, कातडीखाली, मोसंब्याएवढं काहीतरी टणक लागलं. दादूस एरवी पोटाला कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी त्याने फक्त तोंड उघडलं, आवाज काही निघाला नाही.

"युरेथ्रल ऑब्स्ट्रक्शन," त्या म्हणाल्या. म्हणजे मूत्रमार्ग बंद. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. त्यात रेतीसारखे कण आणि चिकट गाळ अडकला की बूच बसतं. लघवी साठून मूत्राशय असं टणक होतं, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि पोटॅशियम फार वाढलं की हृदय बंद पडतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं.

बेशुद्धीचं इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "घरी काही औषध दिलंत का? काहीही?"

मी म्हणाले, "नाही."

ज्यांच्या घरी बोका आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. पण त्याआधी मला त्या 'नाही'बद्दल लिहावं लागेल, कारण आजार दादूसचा असला तरी तो वाढवला मी.

मी बी. फार्म. आहे. सुकापूरला माझं औषधांचं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. काचेवर पाटी आहे, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही.' या डॉक्टर मॅडमचा दवाखाना नवीन पनवेलमध्ये आहे, त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन कुत्र्यामांजरांचे मालक माझ्याच दुकानात येतात. डोस नीट समजावून सांगणारी म्हणून त्या माझं नाव सांगतात. त्या दुपारी हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं आणि तोंडातून 'नाही' बाहेर पडलं.

दादूस खरा बाबांचा. बाबांचा जन्म उरणकडच्या गावात मिठागरावर राबण्यात गेला. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे सुकापूरला घेऊन आले, तेव्हा ते कपड्यांची एक पिशवी आणि हा बोका एवढंच घेऊन आले. इमारतीत त्यांचं कुणाशी जमत नाही. लिफ्टमधल्या माणसांशी काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. दिवसभर ते दादूसशी बोलतात आणि मी दुकानातून आले की दादूस काय काय म्हणाला ते मला सांगतात.

दादूसचं जेवण म्हणजे सुकट. बारीक सुकी कोळंबी तव्यावर भाजायची, कुस्करायची आणि भातावर पसरायची. गावाहून डबा भरून यायचा. वर थोडं दुकानातलं कोरडं खाणं. पाणी पिताना मी त्याला फारसं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं.

सोमवारी बाबांनी सांगितलं, "दादूस रेतीत बसतो न् तसाच उठतो. दोन थेंब पडतात. मंग चाटीत बसतो."

रेती म्हणजे त्याच्या शी-शूचा ट्रे. मी जेवत होते. माणसांचं असं काही असलं की मी काय देते ते मला पाठ आहे. लघवीला जळजळ, थेंब थेंब होते, असं म्हणत दिवसाला चार-पाच जण येतात. मी मागे न वळता हात घालते आणि अल्कलायझर सिरप काढून देते. लघवीतलं आम्ल कमी करणारं, पिवळसर, गोडूस औषध. त्याला कुणी चिठ्ठी मागत नाही, मीही मागत नाही. दुसऱ्या दिवशी एक बाटली घरी आणली, वजनाचा अंदाज घेतला आणि बाबांना सिरिंज भरून दाखवली. "दोन मिली सकाळी, दोन मिली संध्याकाळी. चुकवू नका."

बाबांनी एकदाही चुकवलं नाही. दादूस ओरबाडायचा, ते त्याला टॉवेलमध्ये गुंडाळायचे. हातावर ओरखडे उठले होते. ते म्हणायचे, "पी बाबा, माज्या बायनं दिलंय. ती आर्दी डॉक्टरीन हाय." आमच्याकडे लेकीला 'बाय' म्हणतात.

शुक्रवारी थेंबही पडेना. दुपारी दादूस पलंगाखाली जाऊन पडला आणि सुकटीचा डबा उघडला तरी बाहेर आला नाही. तेव्हा आम्ही रिक्षा केली.

त्याला बेशुद्ध करून मूत्रमार्गात नळी घातली, ती टाके घालून बसवली. पिशवीत जे उतरलं ते लघवी म्हणावी असं नव्हतं, पातळ रक्तच होतं. पायात सलाईन, नळी चावू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं गोल भोंगं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती मागे पडलीत ते सांगणारा आकडा, फार वाढला होता. बाबा बाहेर बाकावर बसून होते. पाळीव कुत्री घेऊन आलेली माणसं त्यांना मध्ये मध्ये काही विचारत होती आणि बाबा पहिल्यांदाच परक्या माणसांशी मोकळेपणाने बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आत शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे पारदर्शक स्फटिक होते. "स्ट्रुव्हाइट," त्या म्हणाल्या. हे स्फटिक मॅग्नेशियम आणि फॉस्फेटचे असतात, पाणी कमी पोटात जातं आणि लघवी अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकते तेव्हा ते धरतात. "मांजराची लघवी आम्लाकडे असते. याची पीएच आठच्या वर आहे. इतकी का, ते मला कळत नाही."

मला कळलं. उभ्या उभ्या कळलं. लघवीतलं आम्ल मारायचं औषध मी चार दिवस मोजून पाजलं होतं. स्फटिकांना हवी होती तशी लघवी मी त्यांना करून दिली होती. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला कळली असती अशी चूक, आणि मी ती अठरा वर्षांच्या सवयीने केली होती.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "इन्फेक्शन असेल का?"

"असू शकतं," त्या म्हणाल्या. त्यांनी लघवी कल्चरला पाठवली, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, आणि अँटिबायोटिक सुरू केलं. माझ्या एका प्रश्नामुळे बोक्याला गरज नसलेलं औषध सुरू झालं. लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले होते. ते खोटं टिकावं म्हणून आता दुसरं बोलले.

तीन दिवसांनी नळी काढली, दादूस आपला आपण मुतला आणि घरी सोडलं. मॅडमनी बाबांना समोर बसवून खाणं समजावलं. सुकटीत हेच क्षार भरपूर, म्हणून सुकट बंद, कायमची. कोरडं खाणं बंद. लघवीच्या त्रासाचं खास ओलं खाणं द्यायचं, त्यातही दोन चमचे पाणी घालायचं. घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवायच्या.

"मंग तो जगंल कशावर?" बाबांनी विचारलं.

"आजोबा, तो यामुळेच जगेल," त्या म्हणाल्या.

सिरपची बाटली घरी मांडणीवर तशीच होती. ती टाकायची हे मला माहीत होतं. पण टाकली असती तर बाबांनी कारण विचारलं असतं. उद्या टाकू असं म्हणून मी दुकानात गेले. मला वाटलं, डॉक्टरांनी एवढं सगळं सांगितलंय, ते आता सिरप कशाला देतील.

बाबांनी दिलं. मी 'चुकवू नका' म्हटलं होतं आणि 'बंद करा' कधीच म्हटलं नव्हतं. दवाखान्यातले दिवस बुडाले म्हणून त्यांना उलट चुटपुट लागली होती. मी दुकानात गेले की दोन मिली आणि संध्याकाळी मी यायच्या आधी दोन मिली. तिसऱ्या दिवशी दादूस पुन्हा रेतीत बसून राहिला.

पुन्हा रिक्षा, पुन्हा बेशुद्धी, पुन्हा नळी. या वेळी बाबाही आत होते. "घरी काय काय दिलं?" मॅडमनी विचारलं आणि बाबांनी भाबडेपणाने सांगून टाकलं, "तुमी दिलेलं खानं. पानी. न् ते पिवळं औषध, दोन येळेला."

"कोणतं पिवळं औषध?"

बाबांनी बाटलीचं वर्णन केलं. मॅडमच्या चेहऱ्यावरून बाबांना कळलं की काहीतरी फार चुकलंय.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. "कोनी नाय," ते म्हणाले. "घरात व्हती बाटली. दवाखान्यातनं आल्यावर मीच दिली. मी आडानी मानूस."

मग मॅडम बाबांना बोलल्या. ओरडल्या नाहीत, पण लहान मुलाला समजावतात तसं बोलल्या. माणसांचं औषध प्राण्याला द्यायचं नाही, तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, मुलगी औषधांच्या दुकानात आहे तर तिला तरी विचारायचं. पंचाहत्तर वर्षांचे बाबा हात जोडून "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्यात, पण ती पाच मिनिटं आठवली की अजून कानशिलं तापतात.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "बाबा, असं का सांगितलंत?"

"तुजं दुकान हाय, बाय. ती चिठ्ठ्या धाडते तुज्याकडं. माजं काय जातंय?" एवढं बोलून ते बाहेर बघत बसले. दादूसला ज्यात आणलं ती टोपली त्यांच्या मांडीवर रिकामी होती.

सकाळी मॅडमचा फोन आला. कल्चरमध्ये जंतू नव्हते. तरी पीएच पहिल्या दिवसापासून इतकी वर होती, तीही आजोबांनी सिरप द्यायच्या आधी, आणि आता आठवड्यात दुसऱ्यांदा मार्ग अडला. कारण हाती लागत नाही तेव्हा ऑपरेशन करावं असं त्यांचं मत होतं. पेरिनियल युरेथ्रोस्टॉमी, म्हणजे मूत्रमार्गाचं अरुंद टोक काढून वाट रुंद करणं. "मूत्रपिंडं अजून सावरलेली नाहीत. भूल झेपेल याची खात्री मी देत नाही. आजोबांना विचारून सांगा."

मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. ते खाली ओढलं आणि दवाखान्यात गेले. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं. तिथे पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

मी म्हणाले, "सिरप मी दिलं होतं. पहिल्या तपासणीच्या आधी चार दिवस. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. बाबांना मीच द्यायला सांगितलं होतं, मीच बंद करायला सांगितलं नाही. काल ते माझ्यासाठी खोटं बोलले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दादूसचं कार्ड पुढे ओढलं आणि पहिल्या तारखेसमोर सिरपचं नाव, डोस आणि दिवस लिहिले. "म्हणजे पीएचचं कारण मिळालं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन थांबवू. सिरप आणि सुकट दोन्ही बंद ठेवून नळी तीन दिवस ठेवू, मग बघू." पेनाचं टोपण लावताना त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं ना, तर मी तुम्हाला काहीच म्हटलं नसतं. लोक इथे काय काय देऊन येतात. मी फक्त लिहून घेतलं असतं." आणि मग, "आजोबांना उद्या घेऊन या. मला त्यांची माफी मागायचीय."

त्यांनी ती मागितली, माझ्यासमोर. बाबा इतके गडबडले की त्यांना काय करावं कळेना, ते टोपलीचं झाकण लावत-काढत बसले. मी त्यांची माफी घरी मागितली. ते म्हणाले, "सांगितलंस ना? मंग जालं."

दादूस वाचला. याला आता दीड वर्ष झालं. ऑपरेशन लागलं नाही. ओल्या खाण्यावर पहिले आठ दिवस तो रुसला, बाबाही रुसले, मग दोघंही सरळ झाले. बाबा रोज रेतीतले त्याच्या लघवीचे ओले गोळे मोजतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा ओढतात. एखाद्या दिवशी रेघ कमी पडली की ते मला सांगत नाहीत, सरळ मॅडमना फोन करतात.

तुमचा बोका रेतीत वारंवार बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर संध्याकाळची वाट बघू नका. घरातलं, शेजारचं, केमिस्टने सुचवलेलं काहीही पाजू नका. आणि दिलंच असेल, तर डॉक्टरांनी विचारल्यावर सांगा. तुमच्याबद्दल त्यांना काय वाटेल याचा विचार बोका बरा झाल्यावर करा. मी दुकानातही आता ते सिरप मागणाऱ्याला आधी लघवी तपासायला पाठवते. काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात.

मागच्या आठवड्यात बाबांना खोकला झाला. मी येताना गोळ्या आणल्या, पाण्याचा पेला भरून दिला. त्यांनी गोळी तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि अगदी मायेने, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "डॉक्टरला इचारलंस ना, बाय?"

विचारलं नव्हतं. मी गोळी त्यांच्या हातातून परत घेतली आणि चपला घातल्या.