अण्णांचा अंगठा

"अंगठा ठणकतोय की! म्हंजे डोकं चालू हाय." सकाळी दुकानाच्या गादीवर बसले की अण्णा उजव्या पायाचा सुजलेला अंगठा कुरवाळत हे म्हणायचे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नवी पेठेतल्या एका लुगड्यांच्या दुकानात अण्णा विकायला, मी घड्या घालायला. तुम्हीही पाहिले असतील असे विक्रेते. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच यांची हाक, "या आक्का! थोरलीच्या लग्नाला जांभळं नेलं हुतं, टिकलं का?" बाई खूश. लुगडं खपलंच.

अंगठा सुजला तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. गोळ्या दिल्या, मटण बंद केलं, आणि जाता जाता गमतीनं म्हणाले, "हे ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांचं डोकं तल्लख असतं म्हणतात."

झालं! गोळ्या खिशातच राहिल्या. "ॲसिड उतरलं आन् आठवण बी उतरली तर? मला कोण ठेवतंय हितं?"

लग्नसराई आली, अण्णांना उठता येईना. मी म्हणालो, "तुमचं डोकं आधीच गेलंय!" ऐकतात कुठले.

ऐकलं ते माझ्या बायकोचं. तिनं दुकानात येऊन तांब्या पुढं ठेवला. "गोळी घ्या, अण्णा. महिन्यानं येते परीक्षा घ्यायला. नापास झालात तर गोळ्या मीच गटारात टाकीन."

महिन्यानं आली. अंगठा उतरला होता, अण्णांचा चेहराही.

"सांगा, माझ्या लग्नाचं लुगडं कुठलं?"

अण्णा कपाटाकडं बघतात, छताकडं बघतात. माझ्या हातातली घडी तशीच राहिली.

"डाळिंबी इरकल," ते हळूच म्हणाले. "पण तुमाला हिरवं पायजे हुतं, वैनी. वडील न्हाय म्हणले. तुमी त्या खांबाआड जाऊन रडलात."

बायको लाजली, मग खो-खो हसली. इतकी वर्षं संसार केला, मला हे ठाऊकच नव्हतं! अण्णा तर उठून नाचले, त्याच अंगठ्यावर जोर देऊन. संध्याकाळी मी हिरवं इरकल घरी नेलं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, कुणी ॲसिड मेंदूला बरं म्हणतं, कुणी वाईट. पक्कं कुणालाच ठाऊक नाही."

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा बायको गेली. हल्ली मी चष्मा विसरतो, चुलीवरचं दूध विसरतो. सकाळी उठलो की आधी अंगठा दाबून बघतो. ठणकत नाही. मग तिच्या ट्रंकेसमोर बसून डोळे मिटतो. हिरवं. लाल काठ. पदराच्या टोकाला तिनं घातलेला टाका.

झाकण उघडतो.

आजही पास.