सुईणीचं कार्ड

अपेक्षा हिवराळे तापट आहे, असं तिच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणीही सांगेल. उस्मानपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत ती विज्ञान शिकवते, राहते भीमनगरात, वय छत्तीस. लग्न केलं नाही म्हणून नातेवाईक अजून तिच्या आईचं डोकं खातात; तिचं खायची त्यांची हिंमत नाही. पण तिला तापट म्हणणारे एक गोष्ट सोयीनं विसरतात. ही बाई उगाच कधी चिडत नाही. चिडली की समजावं, कुणीतरी काहीतरी नक्की केलंय.

त्या रविवारी केलं होतं इंद्रजीतनं.

इंद्रजीत तिचा कॉलेजपासूनचा मित्र. कन्नडजवळच्या ज्या गावात अपेक्षाच्या मावशीचं, भागूबाईचं सासर, त्याच गावच्या बड्या जमीनदार घरातला. एकाच गावचा धागा निघाला म्हणून ओळख झाली, आणि टिकली ती खेळामुळं. सिडकोत त्याच्या फ्लॅटवर दर रविवारी पाच-सहा जणांचा अड्डा जमायचा. खेळ असा की त्याला सोंगट्या नाहीत, घरं नाहीत. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेका पात्राचं कार्ड घेऊन बसतात आणि आपलं पात्र आता काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. तास तास चालतो, चहाची पातेली रिकामी होतात.

आधी ते विलायती पेटीतला खेळ खेळायचे. किल्ले, बुटके, आगओके प्राणी. एकदा अपेक्षा वैतागून म्हणाली, "आपल्याकडं राक्षस नाहीत का रे? नावडती राणी नाही का? ह्या बर्फातल्या माणसांचं मी काय लोणचं घालू?" आणि तिनं कामच हाती घेतलं.

गोष्टीतलं माणूस खेळात आणणं दिसतं तितकं सोपं नाही. गोष्टीतली नावडती नुसती रडते. रडणारं पात्र घेऊन कोण खेळणार? अपेक्षानं विचार केला, हिला राजानं गोठ्यात ठेवलंय ना, मग गुरं हिचं ऐकत असणार. झालं, नावडतीच्या कार्डावर ताकद आली. राक्षसाचा जीव पोपटात, म्हणून राक्षस होणाऱ्यानं खेळाच्या सुरुवातीला पोपट लपवायचा आणि शेवटपर्यंत तोंड बंद ठेवायचं. प्रत्येक पात्राला काय येतं, काय येत नाही आणि त्याला कशाची भूक आहे, एवढं सापडलं की ते उठून चालायला लागतं, असं तिचं म्हणणं.

सगळ्यात जास्त वेळ तिनं घालवला सुईणीवर.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नावडतीला दिवस जातात. आवडती जळते, सुईणीच्या पदरात मोहरा टाकते. सुईण मूल उचलून उकिरड्यावर टाकते आणि पाळण्यात वरवंटा ठेवते. शेवटी सगळं उघडकीला येतं, सुईणीचं डोकं भादरून तिला गाढवावर बसवून गावाबाहेर हाकलतात. आणि मोहरा देणारी आवडती? ती पाया पडते, राजा तिला माफ करतो. लहानपणी ही गोष्ट ऐकून बाकीची पोरं टाळ्या पिटायची. अपेक्षा पिटायची नाही. कारण तिची भागूमावशी सुईण होती.

म्हणून अपेक्षानं गोष्ट उलटी केली. तिच्या खेळात सुईण मोहरा नाकारते, आणि पुढं ती राजपुत्र कसा वाचवते ह्यावर सगळा खेळ फिरतो. सुईण आत गेल्याशिवाय राजपुत्र जन्मालाच येत नाही. तिच्या कार्डावर अपेक्षानं एक नियम लिहिला होता: सुईणीसाठी कोणतंही दार उघडतं, मूल रडल्याचा आवाज आला की बंद होतं. पुढं बारशाचा प्रसंग येतो तेव्हा सुईणीला वाड्याबाहेर राहूनच राजपुत्राला सावध करावं लागतं.

खेळ चांगला जमला. शहरातल्या एका वाचनालयानं मुलांसाठी तो त्यांच्या सभागृहात ठेवायचं ठरवलं. छापून घ्यायचं काम इंद्रजीतनं अंगावर घेतलं, अमृता नावाच्या मैत्रिणीनं चित्रं काढली. पेटीवर ठळक अक्षरात छापलं, 'कथा आणि पात्रं : अपेक्षा हिवराळे'. त्या आनंदात अपेक्षा भागूमावशीला रिक्षात घालून घेऊन आली. मावशी आता त्यांच्याकडंच असते. नीटनेटकं पांढरं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. आपल्या कामाचा लेकीनं खेळ केलाय, एवढंच तिला ठाऊक.

पाच टेबलांवर आठवी-नववीची पोरं बसली होती. अपेक्षा अजून दारातच होती, तेवढ्यात एका टेबलावरून आरोळी उठली, "पकडा सुईणीला! गाढव आणा, गाढव!"

अपेक्षानं जाऊन कार्ड उचललं. आकडेदार नाक, तिरपे डोळे, कमरेला थैली. खाली ओळ: 'लाचखाऊ. पकडणाऱ्याला दहा गुण.' दाराचा नियम गायब.

तिच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. इंद्रजीत हसत हसत आला तर त्याच्या तोंडासमोर तिनं ते कार्ड धरलं.

"हे काय आहे?"

"अगं, सांगणारच होतो. खेळाला खलनायक लागतो. गोष्टीतही तसंच आहे ना?"

"मोहरा देणारी राणी दिसली नाही तुला?"

"आवडतीचं कार्ड सगळ्यांना हवं असतं गं. तिला कसं खलनायक करणार?"

"आणि दाराचा नियम?"

"तो मला चुकून राहिलेला वाटला," इंद्रजीत अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "पटतच नाही ना. जिनं राजपुत्राला जन्माला आणलं, ती बारशाला आत का नाही येणार? उलट तिला मानानं बोलावतील."

खोटं बोलत असता तर परवडलं असतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या अंगणात, त्याच्याच पाळण्याभोवती जे घडलं ते ह्या शिकलेल्या, सभ्य, वाढदिवसाला न चुकता फोन करणाऱ्या माणसाला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. अपेक्षाला त्या न विचारण्याचाच संताप आला.

"चल," ती म्हणाली. "तिलाच विचार."

दोघं समोर आले तशी भागूमावशी खुर्चीवरून उठून उभी राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले, तरी खुर्चीच्या हाताला धरून उठली. गावच्या जमीनदाराचा, तात्यासाहेबांचा नातू समोर आला होता ना! ते बघून अपेक्षाच्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं.

"बसा बसा, मावशी. ओळखलं का?" इंद्रजीत वाकून म्हणाला.

"वळखलं न्हाय कसं, दादा? तुमच्या आईला लई तरास झाला व्हता तुमच्या टायमाला. रातभर बसले म्या उशाशी."

"बघ!" इंद्रजीत अपेक्षाला म्हणाला. "मग मावशी, माझ्या बारशाला तुम्ही होतात की नाही?"

"व्हते की. अंगणात व्हते, निंबाखाली." मावशी हसली. "आतून गाणं ऐकू येत व्हतं. घुगऱ्या वरूनच टाकल्या पदरात तुमच्या आज्जीनं. लई चांगल्या झाल्त्या घुगऱ्या."

तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. तिनं खरोखर घुगऱ्यांचं कौतुक केलं होतं. इंद्रजीतचं हसू मात्र तिथंच विरलं.

अपेक्षा थांबली नाही. पाची टेबलांवर जाऊन तिनं सुईणीची कार्डं गोळा केली. पोरं आधी हसली, मग गोंधळली. सूत्रधार झालेली मोठी मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी राजाचं कार्ड घेतलेली राजनंदिनी नावाची मुलगी उभी राहिली. "ताई, राजपुत्र जन्मालाच येईना. खेळ पुढं कसा न्यायचा?"

"नाही जाणार पुढं. बसा तसेच."

"ऱ्हाऊ दे गं बाई, लेकरं ताटकळलीत," मावशी मागून म्हणाली.

"नाही राहू देणार, मावशी. लई वर्षं राहू दिलं."

तिनं पर्समधून पेन काढलं, कार्ड उलटं केलं. मागची कोरी बाजू. तिला आपलाच जुना नियम आठवला. दार बंद होतं. म्हणजे काय, वाऱ्यानं लागतं? आपणही किती जपून लिहिलं होतं, कुणाला बोचू नये म्हणून! आता तिला स्वतःचाही राग आला. तिनं पेन इंद्रजीतच्या हातात कोंबलं.

"लिही. सुईणीसाठी कोणतंही दार उघडतं. मूल रडलं की घरातले दार लावून घेतात."

"सगळ्या कार्डांवर?"

"सगळ्या. पेटीत उरलेल्यासुद्धा. आणि पुढच्या बाजूचं ते नाक, ती थैली न् ते 'लाचखाऊ' खोडून टाक."

इंद्रजीत मावशीच्या खुर्चीजवळ, मंचाच्या पायरीवर बसला आणि मांडीवर कार्ड ठेवून लिहायला लागला.

पहिलं कार्ड राजनंदिनीच्या टेबलावर गेलं. सुईण आत गेली, फासे पडले, राजपुत्र जन्मला, रडला. राजनंदिनीनं सुईण झालेल्या मुलाच्या हातातलं कार्ड घेऊन दोनदा वाचलं.

"ताई, घरातले म्हणजे कोण? मी? मी राजा आहे."

"हो. तूच."

मुलीनं खुर्चीला धरून अजून उभ्याच असलेल्या भागूमावशीकडं बघितलं, मग पुन्हा कार्डाकडं.

"मग मी नाही लावत दार," ती म्हणाली. "चालतं का असं? किती आकडा पडायला पाहिजे?"

पायरीवरचं लिहिणं थांबलं.

"त्याला फासे लागत नाहीत," अपेक्षा म्हणाली. मुलीकडं नाही, इंद्रजीतकडं बघून.