एकादशीच्या दिवशीचा गूळ

देवाच्या नावाखाली आपण एखाद्याचा जीव घेऊ शकतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

फौजेतून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावी परतल्यावर मी तुळशीची माळ घातली. पहाटेची पूजा, हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादशा निरंकार, म्हणजे पाण्याखेरीज तोंडात काही नाही. इथवर ठीक होतं. पण हळूहळू मी दुसऱ्यांना तोलायला लागलो. यात्रेत बकरं कापणाऱ्या भावकीच्या घरी मी पाणीसुद्धा घेत नसे. माझी पत्नी सुमन माझ्यासाठी सगळं पाळायची. तिला मधुमेह जडल्यावर डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितले, तेव्हा मीच म्हणालो, "इतक्या वर्षांचं व्रत मोडायचं नाही. देव बघून घेईल." ती उपवास करत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका एकादशीला आम्ही मोटारसायकलवरून माण तालुक्यात मुलीकडे निघालो होतो. सुमननं सकाळचं इन्सुलिन सवयीनं घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं. दहिवडी बरीच लांब असताना तिचं बोलणं अडखळू लागलं. मी गाडी थांबवेपर्यंत ती माझ्या पाठीवर कलंडली. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धे मिटलेले. चहूकडे उघडा माळ. जरा अंतरावर बाभळीखाली मेंढरं बसली होती आणि एक म्हातारी चुलीशी काहीतरी करत होती. मी हाक मारताच ती पळत आली.

"साखरंचा आजार हाय का बाईला?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "माझ्या मालकाला बी हाय. असंच व्हतंय." ती मागं धावली आणि गुळाचा खडा घेऊन आली. त्याच वेळी वाऱ्याबरोबर तिच्या चुलीवरच्या मटणाचा वास माझ्या नाकात शिरला. मी तिचा हात धरला. खरंच धरला. म्हणालो, "बाई, आज एकादशी आहे. हिचा निरंकार आहे."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती मला अजून सहन होत नाही. "आवं दादा, बाईचा जीव जातुया. पाप लागलंच तर माझ्या नावावर घाला. सोडा हात."

मी हात सोडला. तिनं गूळ थेंबभर पाण्यात कुस्करला, सुमनला कुशीवर वळवलं आणि बोटानं हिरडीला चोळत राहिली. मी नुसता बसून होतो. ओठांवर देवाचं नाव यायचं, पण कुणाला हाक मारायची तेच सुचत नव्हतं. काही वेळानं सुमनच्या पापण्या हलल्या. ती नीट शुद्धीवर आल्यावर म्हातारीनं तिला उरलेला गूळ खायला लावला आणि रस्त्यावर उभं राहून एक टेम्पो अडवला. दहिवडीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गूळ वेळेवर मिळाला."

पंधरवड्यानं आम्ही दोघं तिला शोधत गेलो. कळप शेजारच्या शिवारात बसला होता. मी वाकलो तशी ती मागं सरकली. "आमी बकरी कापनारी मानसं. माझ्या कशाला पाया पडताय?"

"त्या दिवशी परक्या बाईचं पाप अंगावर घ्यायला भ्या न्हाई वाटलं?" माझ्याही तोंडी तिचीच बोली आली.

ती हसली. "कशाचं भ्या? आमचा देव आमच्यासंगं मेंढरामागं हिंडतो. त्याला ठावं हाय समदं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी तिनं ठेवू दिलं.

त्या दिवशी विठ्ठलच आला होता का, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी नियमाला घट्ट धरून बसलो होतो आणि देवावर काही सोपवलंच नव्हतं. सोपवलं ते तिनं, स्वतःच्या पाप-पुण्यासकट. आता पूजेला बसतो तेव्हा फार मागत नाही. समोरच्या माणसाचा जीव आधी दिसू दे, एवढंच म्हणतो आणि हात जोडतो.