कोरम भरला!

उभ्या धाराशिव जिल्ह्यात माणसं मोजण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा कुणी नाही! कळंब तालुक्यातल्या त्यांच्या गावात ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. ती कधीच जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग सरपंच आणि त्यांचे दोन भाऊ हवे ते ठराव मंजूर करून मोकळे. सरपंचपद वीस वर्षं फिरून फिरून त्याच घरात. "कुनीबी आलं तरी हेच," म्हणून गावानं नाद सोडला. मामांनी तेवढा सोडला नाही. नळाला पाणी का येत नाही, हा एकच प्रश्न त्यांना भरल्या सभेत विचारायचा होता.

या कोरमनं त्यांना पार झपाटलं होतं. आमच्या लग्नात अक्षता पडत असताना मामा मांडवाच्या खांबाला टेकून डोकी मोजत होते. शंभर होताच ओरडले, "कोरम भरला!" भटजी मंगलाष्टक विसरले. गिरणीत, न्हाव्याकडे, एसटीच्या थांब्यावर कुणी भेटलं की रामराम नाही, तब्येतीची चौकशी नाही, थेट, "सभंला येताय न्हवं?" मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी एकदा आमंत्रण दिलं. पाहुणे शेजारच्या भूम तालुक्यातले होते!

यंदा मात्र कहर झाला. पंचायतीनं भोंगा दिला नाही, म्हणून मामांनी आठ दिवस नुसत्या घशावर गल्ली न् गल्ली पालथी घातली. मी नेमका मामांकडंच मुक्कामाला होतो. काय सांगू, पारापुढं माणसं मावेनात! बायका तर रिकाम्या घागरी घेऊनच आलेल्या. ग्रामसेवकांनी सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि पडेल आवाजात म्हणाले, "कोरम पूर्ण."

मामा उठले. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. घसा पार बसलेला! सरपंच हसून म्हणाले, "प्रश्न न्हाय वाटतं. पुढचा विषय घ्या." तेवढ्यात मागून एक म्हातारी कडाडली, "थांब रं! नळाला पानी कवा यील ते सांग आदी!" मग दुसरी उठली, मग तरणी पोरं, मग सगळं गावच. सरपंचांना पंधरा दिवसांची मुदत लिहून द्यावी लागली, वर ती सगळ्यांसमोर वाचावीही लागली. पाणी येईल की नाही, देव जाणे. पण गावाला विचारायची चटक लागली.

लोक पांगले तरी मामा तिथंच बसून होते. मी जवळ गेलो, तर माझा हात घट्ट धरून घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "जावईबापू, लई ग्वाड झालं बगा. पर माजं बोलायचं ऱ्हायलंच की वो."